दळवी सरांची बरणी

दळवी सर कुणाच्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबायचे. चप्पल काढायचे, नाकाने एक लांब श्वास आत ओढायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. बस्स. मग डोळे उघडून घरच्या बाईकडे बघून मऊ हसायचे.

"काय झालं?" बाई विचारायची. विचारायचीच.

"नाही, काही नाही."

"वास येतोय का कसला?"

"असू दे हो ताई. आपल्या घराचा वास आपल्याला येत नसतो."

इथेच ती बाई संपायची. आम्ही मशीन आत ओढेपर्यंत ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी नाक वर करून फिरत असायची. पडद्याजवळ जायची, उशी उचलून हुंगायची, खिडकी उघडायची. आणि सर हॉलच्या मधोमध हात मागे बांधून उभे. देवळात माणूस उभा राहावा तसे.

त्यांच्याकडे लागण्याआधी मी अंधेरीच्या एका हॉटेलात खोल्या साफ करत होते. लोकांनी चादरीत काय काय सोडलेलं असतं ते मला कुणी शिकवायला नको. उलट्या पुसल्यात, नको ते उचललंय. घाणीची मला किळस येत नाही. पाणी मारलं की जाते ती. दळवी सर मात्र अजून गेलेले नाहीत. त्यांची आठवण आली की तोंडात काहीतरी आंबट येतं. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

त्यांचा धंदा घरं साफ करून द्यायचा. सोफा, गादी, गालिचा शाम्पूने धुवायचा, आणि ज्यांच्या घरात छतातून एसीची हवा फिरते त्यांचे डक्ट आतून झाडायचे. कांदिवलीला एका इमारतीच्या तळमजल्यावर छोटा गाळा होता. माणसं तीन. सर, मी आणि पास्कल. पास्कल तिथल्याच जुन्या गावठाणातला, गाडी चालवायचा, मशीन उचलायचा आणि सरांच्या मागे त्यांची नक्कल करायचा. माझं घर विक्रोळीला. मशीन मी चालवायची. बोलायचं काम सरांचं.

पन्नाशीचा माणूस. गोरा, बारीक, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, नखं कापलेली, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास. आवाज कधी चढला नाही. आम्हाला कधी शिवी दिली नाही, पगार कधी अडकवला नाही. टॉवरचा वॉचमन आम्हाला सामानाच्या लिफ्टकडे पिटाळायचा तेव्हा सरही आमच्याबरोबर त्याच लिफ्टमधून यायचे, कचऱ्याच्या डब्यांना शर्ट लागू नये म्हणून कोपरं आत घेऊन. पहिले काही दिवस मला वाटलं, देवमाणूस भेटला.

त्यांच्या खिशात एक पांढरा रुमाल असायचा. बाईशी बोलता बोलता ते सोफ्याच्या हातावरून तो रुमाल हळूच फिरवायचे, बघायचे आणि घडी आत करून खिशात ठेवून द्यायचे.

"दाखवा ना," बाई म्हणायची.

"राहू दे ताई. जेवायची वेळ आहे."

तो रुमाल त्यांनी कधीच कुणाला दाखवला नाही. मी एकदा गाडीत पडलेला उघडून बघितला. साधी धूळ होती. कुठल्याही घरात असते तेवढी.

पण खरं हत्यार होतं ती बरणी. लोणच्याची असते तशी जाड काचेची, बिनझाकणाची. सर ती टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणायचे. आम्ही हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी ते ती स्वतः पावडरने घासायचे, उजेडात धरून बघायचे, पुन्हा घासायचे.

"बरणी चकचकीत पाहिजे, संगीता," ते मला म्हणाले होते. "बरणीच मळकी असेल तर लोकांना वाटतं घाण बरणीची."

मी सोफ्यावर शाम्पू मारायची, ब्रश फिरवायची आणि मग मशीनने ते पाणी परत ओढून घ्यायची. ओढलेलं पाणी मशीनच्या मागच्या टाकीत जमतं. सर म्हणायचे, "थांब." टाकीतलं पाणी बरणीत ओतायचे आणि बरणी नेऊन ठेवायचे बरोबर टीपॉयच्या मध्यावर, खिडकीचा उजेड पडेल अशी. फुलदाणी असेल तर ती बाजूला करून. कधी बिस्किटांची बशी असायची, तिच्या शेजारी. मग दोन पावलं मागे. एक शब्द नाही.

"आपण बोलायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "घाणीला बोलू द्यायचं."

आणि ती बोलायची. काळपट चहासारखं पाणी, वर साय धरल्यासारखा फेस, त्यात केस फिरतायत, तळाशी काहीतरी भुरकट हळूहळू बसतंय. बाई तोंडावर हात धरायची. "यावर बसतो आम्ही?"

"बसता. बाळ रांगतं. दुपारी जरा आडवे होता. तोंड टेकवून."

हे 'तोंड टेकवून' ते प्रत्येक घरात म्हणायचे, अगदी हळू, एखादी वाईट बातमी सांगावी तसं. आणि बाईचा हात तोंडावरून गालावर जायचा. गाल पुसायची ती. मी बघितलंय, एका बाईने उठून साबणाने तोंड धुतलं. मग वर्षभराचं पॅकेज घ्यायला कुणी नाही म्हणायचं नाही.

माझ्या मनातून पहिल्यांदा ते उतरले ते एका पेपरमिंटच्या गोळीमुळे.

बोरिवलीचं घर होतं, नातवंडांचं. सोफ्याच्या बैठकीच्या आणि पाठीच्या मधल्या फटीत मी हात घालून सगळं बाहेर काढत होते. ते आधी काढावंच लागतं, नाहीतर मशीनचा पाइप तुंबतो. शेंगदाण्यांची टरफलं, केसांच्या गुंतवळीत अडकलेल्या पिना, पोळीचा वाळून लाकूड झालेला तुकडा, दुधाचा दात, आणि नखं. कापलेल्या नखांच्या चंद्रकोरी, मूठभर. कोण तरी टीव्ही बघत नखं कापत होता आणि फटीत सारत होता. त्यातच कागदात गुंडाळलेली एक गोळी होती, कागदाला केस चिकटलेले.

सरांनी ती उचलली. केस बोटाने ओढून काढले, कागद सोडवला आणि गोळी तोंडात टाकली.

"सर!"

"काय? कागदात होती."

आणि चोखायला लागले. गोळी दातांवर वाजत होती. तेवढ्यात घरातली आजी पाणी घेऊन आली, तर गोळी गालात सरकवून म्हणाले, "आजी, या फटीत काय काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्हाला जेवण जाणार नाही."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. जगाला किळस वाटायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला किळसच येत नव्हती. गाडीत भरलेली टाकी मागे डचमळत असायची, वास सुटलेला असायचा आणि सर मांडीवर डबा उघडून बोटं चाटत जेवायचे. पास्कल मला म्हणाला, "एकदा याच्या पोटात पाइप घालून मशीन चालू करू या."

वर्सोव्याचं सांगते. खाडीच्या बाजूचा टॉवर, मोठा फ्लॅट, नवराबायको आणि तीन-चार वर्षांचा मुलगा. मुलगा रात्र रात्र खोकायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग कुणीतरी डक्ट बघायला सांगितलं. मी शिडी लावून छताची फळी सरकवली आणि मास्क असूनही माझं डोकं गरगरलं. बाहेरच्या भिंतीवरची जाळी तुटली होती आणि कबुतरांनी आत घरटं केलं होतं. काटक्या, पिसं, बोटभर जाडीचा विष्ठेचा थर, त्यात फुटलेली अंडी आणि दोन पिल्लं. मेलेली, वाळून पापड झालेली. याच्यावरून हवा फिरत होती आणि खाली मूल झोपत होतं.

मी पिशवी मागितली. सर खालून म्हणाले, "पिशवी नको. मोडू नकोस, अख्खं खाली आण."

मी ते दोन्ही हातांवर धरून खाली आणलं. सरांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर घरटं ठेवायला लावलं, पिल्लांच्या चोची वर करून ठेवल्या आणि मग आवाज दिला, "ताई, जरा येता का?"

ताई आल्या, कडेवर मुलगा. त्यांनी एकदा बघितलं आणि मुलाला माझ्याकडे जवळजवळ फेकून बेसिनकडे धावल्या. आतून ओकण्याचा आवाज येत होता. मुलगा माझ्या कडेवरून वाकून बोट दाखवत होता, "पिल्लू. पिल्लू झोपलं."

यात सरांनी खोटं काहीच केलं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागेल. घाण खरी होती, आम्ही ती काढली, बाहेर नवी जाळी मी बसवली. काही दिवसांनी आम्ही गाडीत असताना त्या बाईंचा फोन आला. सरांनी स्पीकरवर ठेवला होता. मुलगा आठवडाभर अख्खी रात्र झोपतोय, सांगताना त्या रडत होत्या. पास्कलने स्टेअरिंगवर थाप मारली. मलाही भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण झाडूपोछा करत नाही, काहीतरी मोठं करतोय.

"छान, छान. काळजी घ्या ताई," सर म्हणाले. फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "खोकला गेला. आता ही वर्षभर फोन करत नाही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "संगीता, पुढच्या वेळी जाळी एवढी घट्ट नको बसवत जाऊस."

आणि हसले. थट्टा होती की काय, मला कळलं नाही. पास्कल हसला नाही.

मग घाटकोपर. तिथे त्यांनी जे केलं त्यावर मी आधी खूश झाले होते, म्हणून ते जास्त लागलं.

जुन्या श्रीमंतांचं घर होतं. सोफ्याला लागूनच देवघर. मी मशीन लावायला सोफा सरकवणार, तोच बाई म्हणाल्या, "थांब गं. आडनाव काय तुझं?"

या प्रश्नाचा अर्थ काय असतो ते आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. माझे आजोबा जालन्याकडून आले, वडील कंपनीत लागले, आम्ही विहारात वाढलो, शिकलो, तरी हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये उभा असतो. मी तोंड उघडणार एवढ्यात सर म्हणाले, "दळवी. माझी पुतणी आहे."

बाई निवळल्या. "हो का? मग ठीक. जरा देवाकडे पाय करू नको हं."

मी काम केलं. पण मनात काहीतरी चालूच होतं. राग होता, आणि खोटं कशाला बोलायचं, बरंही वाटलं होतं. या माणसाने माझ्यासाठी स्वतःचं नाव दिलं. खाली गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "सर, माझं आडनाव खरात आहे. मला सांगायला लाज वाटत नाही. पण तुम्ही मध्ये पडलात..."

"अगं, धंदा आहे," सर बरणी पुसत म्हणाले. "त्या बाईला तुझी किळस आली असती तर पॅकेज गेलं असतं. किळस फक्त सोफ्याची आली पाहिजे. दोन-दोन किळसा एका घरात चालत नाहीत."

इतक्या सहज म्हणाले. जसं शाम्पूचं प्रमाण सांगावं. मी खिडकीची काच खाली केली. पास्कलने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी इतक्या जोरात काढली की सरांच्या हातून बरणी सुटता सुटता राहिली.

तरी मी काम सोडलं नाही. दर महिन्याला मिळणारा पगार होता. सोडलं ते मुलुंडमुळे.

मुलुंडच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी सकाळचं काम घाटकोपरलाच होतं. देवघराचं नाही, दुसरं घर. तिथे पांढरा, जाडसर केसांचा एक म्हातारा कुत्रा होता. गालिच्याच्या एकाच कोपऱ्यात तो मुतायचा. तो गालिचा धुताना वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुपारी मुलुंड.

दार उघडलं प्राजक्ताने. माझ्याच वयाची, बँकेत नोकरी, नवरा जहाजावर. दोन दिवसांनी घरी पाहुणे येणार होते. आत मरून रंगाच्या मखमलीचा जुना सोफा आणि त्याच्या खिडकीकडच्या टोकाला तिची सासू मटार सोलत बसलेली. आम्हाला बघून म्हातारी उठली. "या या. उन्हाचे आलात. प्राजू, पोहे टाकू का गं यांना?" माझ्या मशीनला हात लावून बघितला. "एवढं हे जड तू उचलतेस? पोरगी आहेस की कोण!"

सरांनी उंबऱ्यावरचं त्यांचं सगळं केलं होतं. आता रुमाल फिरवत विचारलं, "या टोकाला कोण बसतं?"

आजींनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मी. माझी जागा आहे ती. आमच्या ह्यांनी सोफा घेतला तेव्हापासूनची."

"मग इथूनच सुरू कर, संगीता."

मी केलं. "थांब," सर म्हणाले. टाकी उघडून बरणी भरली, मटाराच्या टोपलीशेजारी ठेवली आणि मागे झाले.

असं पाणी मी सोफ्यातून कधी बघितलं नव्हतं. काळं, पिवळसर झाक, वर राठ पांढरे केस. आणि वास. मुताचा, आंबलेला, डोळ्यांत जाणारा. सगळ्या हॉलभर पसरला.

प्राजक्ताने नाक दाबलं. बरणीकडे बघितलं, मग सोफ्याच्या त्या टोकाकडे, मग सासूकडे. "आई..." एवढंच म्हणाली.

आजींनी हळूच हात मागे नेला आणि आपल्या साडीवरून, बसतो तिथून, फिरवला. ओलं आहे का बघत होत्या. मग तोच हात सगळ्यांसमोर खाली कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"वयाने होतं ताई," सर हळू आवाजात प्राजक्ताला म्हणाले. "त्यांना स्वतःला कळत नसतं. रागावू नका." आणि पॅकेज ठरलं. पोहे कुणी केले नाहीत.

गाडीत मी म्हणाले, "बिचारी. पण केस एवढे राठ कसे रे तिचे?"

पास्कलने आधी एका टपरीपाशी गाडी थांबवली. मग सर चहाला उतरले तेव्हा म्हणाला, "अगं, कसली बिचारी? कुत्र्याचे केस ते. सकाळची टाकी ओतायची नाही म्हणून सांगितलं होतं मला. नेहमी सांगतो. एक बऱ्यापैकी घाण मिळाली की ती पुढच्या दोन घरांना चालवतो."

मी सरांना रस्त्यातच, टपरीवर गाठलं. "सर, ते पाणी मुलुंडचं नव्हतं."

त्यांनी बशीत चहा ओतला. "घाणीवर नाव लिहिलेलं असतं का?"

"त्या म्हातारीचं काय होईल?"

"काय होणार? घर स्वच्छ राहील."

मी प्राजक्ताचा नंबर मागितला. "कस्टमरचे नंबर देत नाही मी," म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. सुर्रकन आवाज करून प्यायले. अजून तो आवाज ऐकला की मी जागेवरून उठते.

त्या दिवसापासून प्रत्येक घराआधी टाकी मी स्वतः धुवायला लागले, बिल्डिंगच्या नळावर, सर्वांसमोर. सरांनी अडवलं नाही. कंटाळेल आणि सोडेल, असं त्यांना वाटलं असावं. नुसतं जाऊन सांगितलं तर कोण ऐकणार, समोर दाखवावं लागेल, म्हणून मी मुलुंडच्या पॅकेजच्या पुढच्या फेरीची वाट बघत होते.

काही महिन्यांनी ती आली. यावेळी दार उघडल्या उघडल्या फिनेलचा भपका आला. सोफ्यावर नवीन क्रीम रंगाचं कापड आणि त्यावर जाड प्लास्टिक. खिडकीकडचं टोक रिकामं. आजी मला आधी दिसल्याच नाहीत. मग दिसल्या. स्वयंपाकघर आणि संडास यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. खाली रबराचं कापड, त्यावर टॉवेल. अर्ध्या झाल्या होत्या. केस ओले. मला ओळखलं त्यांनी, पण या म्हणाल्या नाहीत. पाय मात्र जवळ घेतले, मला जायला जागा व्हावी म्हणून.

प्राजक्ता वाईट बाई नव्हती. दमलेली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलं गं. ते म्हणतात, काहीच नाही त्यांना. पण आपण डोळ्यांनी बघितलं ना?"

मी मशीन घेऊन सरळ त्यांच्या बाथरूममध्ये गेले. टाकी ओतली, धुतली आणि प्राजक्ताला बोलावलं. "ताई, आत बघा. रिकामी आहे ना?" आजींनाही दाखवली. त्या कशाला दाखवते म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी प्लास्टिक आणि वरचं कापड काढलं, आजींच्या जागेवर शाम्पू मारला, ब्रश फिरवला, पाणी ओढलं. आणि सरांच्या हातातून बरणी घेतली. त्यांनी सोडली नाही लगेच. पास्कल दारात पाइप खांद्यावर घेऊन उभा होता. तो पुढे आला तेव्हा सोडली.

बरणीत तांदूळ धुतल्यासारखं पाणी होतं. वास म्हणाल तर शाम्पूचा.

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत सर म्हणाले, "बघितलंत ताई? एका सर्व्हिसमध्ये केवढा फरक! आणि आईंना इथून उठवलंत, ते फार बरं केलंत."

मी पुष्कळ घाण बघितली आहे. कबुतरांची पिल्लं मी हातांवर धरून आणली होती. पण किळस आली ती त्या वाक्याची. तोच मऊ आवाज, तेच हसू, आणि दहा पावलांवर ती म्हातारी संडासाच्या दाराशी बसलेली.

"मागच्या वेळचं पाणी तुमचं नव्हतं ताई," मी म्हणाले. "टाकी आधीच भरलेली होती. घाटकोपरच्या एका कुत्र्याच्या गालिच्याचं होतं ते. हा माणूस खोटं बोलला तुमच्याशी."

प्राजक्ताने सरांकडे बघितलं.

"संगीताची तब्येत जरा ठीक नाही सध्या," सर म्हणाले.

"खरं बोलते ती," पास्कल म्हणाला. "टाकी मीच वर आणली होती. न ओतता."

"पण मला वास आला होता ना!" प्राजक्ताचा आवाज चिरकला. "मला रोज येतो. अजून येतो!"

"येणारच ताई," मी म्हणाले. "एकदा डोक्यात भरवला की येतो."

आतून खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. आजी भिंतीला धरून हॉलच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे माझं नव्हतं ते?" त्यांनी मला विचारलं.

"नव्हतं आजी."

"एवढंसुद्धा नाही?"

"नाही हो."

त्या सुनेकडे वळल्या. रागाने नाही. खरंच काहीतरी समजून घ्यायचं असल्यासारख्या. "मग मी रोज दोन-दोनदा आंघोळ करत होते ती कशाला गं, प्राजू?"

प्राजक्ता होती तिथेच खाली बसली, ओल्या फरशीवर. थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाली, "आई, बसा ना तिथे. तुमच्या जागेवर."

आजींनी सोफ्याकडे बघितलं. मान हलवली. "नको गं. आता मलाच शिसारी येते त्याची. माळ्यावरची लाकडी खुर्ची काढून दे. ती ठेव खिडकीत."

खुर्ची पास्कलने काढली. मी पुसली. आजी खिडकीत बसल्या आणि आमच्याकडे पाठ करून खाली रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आमचे आभार मानले नाहीत, आणि मानावेत असं आम्ही काही केलंही नव्हतं.

सरांनी तोवर बरणी पुसून टॉवेलात गुंडाळली होती. लिफ्टपाशी ते माझ्याशी शेवटचं बोलले. "तू आज एका घरात भांडण लावून आलीस. मी निदान सोफा धुऊन देत होतो."

मी जिन्याने उतरले. मशीन त्यांचंच होतं, ते तिथेच लिफ्टसमोर सोडलं. पुढे पास्कलनेही सोडलं. आता आम्ही दोघं एक जुनं मशीन घेऊन हेच काम करतो, विक्रोळी, भांडुप, मुलुंडकडे. टाकी बाथरूममध्ये ओततो. एखादी बाई हौसेने मागे येते, "बघू ना, किती घाण निघाली?" मी म्हणते, निघायची तेवढी निघाली ताई, तुम्ही चहा ठेवा.

सरांना मी त्यानंतर एकदाच बघितलं, गेल्या थंडीत. बोरिवलीला मैदानावर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. मिक्सर, पडदे, लोणची, पापड. एका स्टॉलवर बायकांची गर्दी दिसली म्हणून मी वाकून बघितलं. हवा शुद्ध करायची यंत्रं होती. मधे सर. केस थोडे पांढरे झालेले, बाकी तसेच. हातात हवा मोजायचं मोबाइलएवढं एक यंत्र, त्यावर हवा खराब असली की लागणारा लाल दिवा. ते एकेका बाईच्या तोंडासमोर धरत होते आणि दिव्याकडे नुसतं बघत होते. बोलत काहीच नव्हते.

त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, नजर चुकवतील. उलट त्यांचा चेहरा फुलला.

"ही संगीता," त्यांनी बायकांना सांगितलं. "माझ्या हाताखाली तयार झाली. आज स्वतःचा धंदा आहे तिचा."

आठ-दहा बायका वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. एकीने तर विचारलं, "खरंच यांच्याकडे शिकलात तुम्ही?" माझ्या अंगावर कुणीतरी ओली, गार चादर टाकावी तसं झालं. काय सांगणार होते मी तिथे, पापडांच्या वासात उभी राहून? सर तोवर पुढच्या बाईकडे वळलेही होते.

गर्दीतून एक आई मुलीचा हात धरून बाहेर आली. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. तिचे गाल फुगलेले होते, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल होत चालला होता. आईला आधी कळलंच नाही. मग ती घाबरून खाली बसली आणि मुलीचे दंड धरून हलवायला लागली. "अगं, श्वास सोड. सोड ना! काही नाही होत!"

मुलीने स्टॉलकडे एकदा बघितलं आणि डोळे मोठे करून नाही नाही म्हणून मान हलवली.